मामा, किट मिळत नाही

बरेच दिवस हा विषय डोक्यात होता, पण लिहायला हात धजत नव्हता, कारण यातली मुख्य चूक माझीच आहे. शेवटी काल रात्री ठरवलं की शनिवारच्या लेखात हेच लिहायचं. तेव्हा मंडळी, आजचा विषय सायकलचे ब्रेक. म्हणजे रोड बाइकचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, आणि त्यांचे सुटे भाग का मिळत नाहीत याचा इतिहास. विषय रुक्ष वाटत असेल तर थोडा धीर धरा, यात जग्वार आहे, एरंडेल आहे आणि नाना पेठही आहे.

आधी घडलं काय ते सांगतो. माझा एक मित्र आहे, त्याला सगळे बापू म्हणतात. बापूने बोनसच्या पैशातून रोड बाइक घेतली, ड्रॉप हँडलवाली, डिस्क ब्रेकवाली. तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी सुरू होती. एकदा म्हणाला, ब्रेक जरा मऊ लागतायत, दाबल्यावर लिव्हर हँडलपर्यंत येतं. मी म्हटलं, हात्तिच्या, आत हवा असेल, मी काढून देतो. बाइकच्या ब्रेकची हवा मी कॉलेजात असताना दहा वेळा काढलेली. कोपऱ्यावरच्या टू-व्हीलर स्पेअरच्या दुकानातून ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणली, सिरिंज आणली, नळी आणली, आणि रविवारी दुपारी दोन्ही ब्रेक अगदी दगडासारखे कडक करून दिले. काकूंनी पोहेही दिले वर.

तिसऱ्या आठवड्यात बापू सिंहगड उतरत होता. पुढचा ब्रेक दाबला तो सुटेचना. थोडा सुटला, परत चिकटला. डिस्क तापून जळका वास यायला लागला आणि एका वळणावर पुढचं चाक पार अडकलं. खडीवर पडला. कॉलरबोनला तडा, सहा आठवडे हात गळ्यात, ब्रेव्हे गेली. हॉस्पिटलमध्ये मला बघून एवढंच म्हणाला, "अरे, तू इंजिनिअर ना?"

मेकॅनिकल नाही, कॉम्प्युटर, असं सांगायची ती वेळ नव्हती.

झालं काय होतं? मी दुकानातून आणलं होतं ते डॉट ४. आणि बापूच्या ब्रेकला लागतं मिनरल ऑइल. आपल्याकडे दोन्हीला 'ब्रेक ऑइल'च म्हणतात, पण डॉट ४ हे मुळात ऑइलच नाही, ते ग्लायकॉलच्या कुळातलं रसायन आहे. मिनरल ऑइलसाठी बनवलेलं रबर त्यात फुगतं. सील फुगली की पिस्टन मागे सरकत नाही, पॅड डिस्कला चिकटून राहतात, डिस्क तापते, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. कॅलिपरवर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, मिनरल ऑइलच वापरा म्हणून. कॉलेजात असतानाचा तो आत्मविश्वास आड आला.

मग दोन्ही ब्रेक सोडवून पिशवीत घातले आणि नाना पेठेत मामांकडे गेलो. हे मामा कुणाचेच मामा नाहीत, पण पस्तीस वर्षं स्कूटरी आणि बाइका दुरुस्त करतायत. त्यांनी कॅलिपर उघडला, पिस्टन बाहेर काढला, फुगलेली रबरी रिंग नखाने उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "एवढंच ना? किट टाक की नवीन. साठ-सत्तर रुपयाला येतं."

"मामा, किट मिळत नाही याचं."

"मिळत नाही म्हणजे? ब्रेक आहे ना हा?"

हा प्रश्न मी घरी घेऊन आलो आणि पुढचे दोन महिने त्यात घालवले. ब्रेक आहे, मग किट का नाही? मोटारीला आहे, स्कूटरला आहे, ट्रकला आहे. मग याच्याच सीलने काय घोडं मारलंय?

*

सुरुवात बरीच मागून करावी लागेल. द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो हे पास्कलचं म्हणणं आपण नववी-दहावीत पाठ केलेलं असतं. पण त्याचं यंत्र व्हायला १७९५ साल उजाडावं लागलं. इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामाने तेव्हा हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. अडचण एकच होती, पिस्टनच्या कडेने पाणी गळायचं. घट्ट पॅकिंग लावलं तर पिस्टन हलत नसे, सैल लावलं तर गळत असे. ती अडचण ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ली या कारागिराने सोडवली असं मानतात. त्याने चामड्याची वाटी बसवली. दाब वाढला की वाटीची कड आपोआप भिंतीला घट्ट बसते, दाब गेला की सैल पडते. तुम्ही सायकलचा जुना हातपंप उघडून पाहिला असेल, तर दांड्याच्या टोकाला जो चामड्याचा वायसर असतो, ज्याला तेलाचं बोट लावलं की पंप परत हवा मारायला लागतो, तो याच वाटीचा वंशज. बापूच्या लिव्हरमधली रबरी सीलही तीच कल्पना. सव्वादोनशे वर्षांत फक्त चामड्याचं रबर झालं.

मोटारीत हे आणलं माल्कम लॉगहेड या अमेरिकन माणसाने. आडनावाचं स्पेलिंग लोकांना वाचता येत नसे म्हणून पुढे ते लॉकहीड असं लिहायला लागले. हो, तेच लॉकहीड, विमानवाले. माल्कम आणि त्याचा भाऊ ॲलन विमानं बनवायचे. आपल्या हवाई दलाचं सी-१३० जे विमान ज्या कंपनीचं, तिच्या नावाचा उगम या भावांत आहे. माल्कमने १९१७ साली हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मॉडेल ए या गाडीत चारही चाकांना ते ब्रेक आले. पण सुरुवातीचे ते चामड्याचे सील गळायचे. मग क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्यावर काम करून रबरी सील घातली आणि १९२४ च्या क्रायस्लरमध्ये ती आली.

आता इथे लक्ष द्या, कारण बापूचं कॉलरबोन इथेच मोडलंय. त्या काळी रबर म्हणजे नैसर्गिक रबर. आणि नैसर्गिक रबराचं खनिज तेलाशी हाडवैर. पेट्रोल, ग्रीस, इंजिन ऑइल काहीही लागलं की ते फुगतं आणि सडतं. म्हणून ब्रेकमध्ये खनिज तेल घालताच येत नव्हतं. मग घालायचं काय? तर चक्क एरंडेल! एरंडेल तेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. एरंडेलाने रबराला काही होत नाही, आणि अल्कोहोलमुळे थंडीत ते घट्ट होत नाही. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेला पदार्थ एकेकाळी मोटारी थांबवत होता हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. पुढे एरंडेलाच्या जागी ग्लायकॉलची रसायनं आली. तीही रबराला चालणारी. म्हणजे मोटारीच्या ब्रेकमध्ये आज जे डॉट फ्लुइड असतं, त्यामागे शंभर वर्षांपूर्वीचा रबराचा हट्ट आहे. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. कुणीतरी कधीतरी एक निर्णय घेतलेला असतो, कारण केव्हाच संपलेलं असतं, पण त्यावर इतकं काही उभं राहिलेलं असतं की हात लावायची कुणाची छाती होत नाही.

पण या हट्टाचा एक फायदा झाला. सगळ्यांचा द्रव एकाच कुळातला असल्यामुळे त्याचं प्रमाणीकरण करता आलं. डॉट म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं, ते १९६७ साली सुरू झालं आणि त्याच्या नियमांत ब्रेक फ्लुइडचे वर्ग ठरले. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांना उकळलं पाहिजे, डॉट ४ किमान २३० अंशांना, डॉट ५.१ किमान २६० अंशांना. ग्लायकॉल हवेतलं पाणी शोषतं, मग उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून ओल्या अवस्थेचे आकडेही वेगळे ठरवले: डॉट ४ साठी १५५ अंश. रंगसुद्धा ठरले. साधं डॉट रंगहीन ते पिवळसर, सिलिकॉनचं डॉट ५ जांभळं, आणि खनिज तेल असेल तर हिरवं. जगात कुठेही बाटली घ्या, आकडा बघा, ओता. द्रव एक म्हटल्यावर रबर एका जातीचं, आणि रबर एका जातीचं म्हटल्यावर कुठलाही छोटा कारखाना सील पाडू शकतो. मामांचं साठ-सत्तर रुपयांचं किट इथून येतं.

खनिज तेल हिरवं असं का ठरवलं? कारण तोवर एक बंडखोर निघाला होता. फ्रान्सची सिट्रोएन. १९५५ साली त्यांनी डीएस नावाची गाडी काढली. पुढे डिस्क ब्रेक, आणि सस्पेन्शनपासून स्टिअरिंगपर्यंत सगळं हायड्रॉलिक. आधी त्यात पाणी शोषणारा द्रव होता आणि त्याने आतून गंज धरायचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी हिरवं खनिज तेल आणलं. तोवर खनिज तेलात टिकणारी कृत्रिम रबरं आलेली होती. पण म्हणजे जुन्या गाडीची सील नव्या गाडीला चालेनात आणि नव्याची जुन्याला. म्हणून नव्या पद्धतीचे भाग हिरव्या रंगाने ओळखू यायचे. चुकीचं तेल घातलं की गाडी बसलीच. सिट्रोएनच्या मेकॅनिकांना ही अक्कल सुमारे १९६७ पासून आहे. मला ती बापूच्या खर्चाने आली.

डिस्कचा उल्लेख आला म्हणून तेही उरकतो. डिस्क ब्रेकचं पेटंट बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ सालीच घेतलं होतं, पण धातूवर धातू घासून भयंकर किंचाळायचं. गाजली ती १९५३ ची ल मां शर्यत. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जग्वार सी-टाइप जिंकली, आणि चोवीस तासांच्या त्या शर्यतीत सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांवर गेला. बाकीच्या गाड्यांचे ड्रम ब्रेक तापून मरगळत होते आणि जग्वार वळणाच्या पार जवळ जाऊन ब्रेक मारत होती. बाकी इतिहास मोटारींचा आहे, तो सोडून देऊ.

*

आता सायकल. आपल्या देशात सायकल म्हणजे काळी, अठ्ठावीस इंची, दांड्याच्या ब्रेकची. ॲटलस, हिरो, नाव काहीही असो, आराखडा तोच, विलायती रोडस्टरचा. त्या सायकलचं मोठेपण मला आत्ता कळतंय. ब्रेकची रबरं, छर्रे, कोन, पेडल, काहीही कुठल्याही गावातल्या कुठल्याही दुकानात मिळायचं आणि बसायचं. कंपनी कुठली हे दुकानदार विचारायचाच नाही.

शर्यतीच्या सायकलींचं जग असं नव्हतंच, आणि १९८० नंतर तर ते पारच बदललं. जपानमध्ये साकाई नावाचं गाव आहे, सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध. तिथे १९२१ साली शिमानो सुरू झाली. १९८४ साली त्यांनी टक-टक आवाज करत नेमक्या जागी बसणारे गिअर आणले. ते नीट चालायचे तर लिव्हर, केबल, डिरेलर, फ्रीव्हील सगळं एकमेकांशी मापात हवं. म्हणजे आता सुटा भाग विकायचा नाही, सगळी सिस्टिम विकायची. मग १९९० साली गिअरचं लिव्हर आणि ब्रेकचं लिव्हर एकाच घरात घातलं. हँडलवरून हात न काढता गिअर बदलता यायला लागले. सायकलवाल्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. पण त्या एका घरात पुढे किती भाडेकरू येणार आहेत याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

हायड्रॉलिक ब्रेक सायकलला पहिल्यांदा गंभीरपणे लावले ते जर्मनीच्या मागुराने, १९८७ साली. तेही डिस्कला नाही, रिमला. बाड उराख गावातली ही १८९३ ची कंपनी, मोटरसायकलींची लिव्हरं वगैरे बनवणारी. मागुराने मिनरल ऑइल निवडलं. त्याचे गुण उघड आहेत: रंग खात नाही, हाताला त्रास नाही, पाणी शोषत नाही, वर्षानुवर्षं बदललं नाही तरी चालतं. (पाणी शोषत नाही याचा दुसरा अर्थ असा की आत गेलेलं पाणी तसंच थेंब होऊन तळाशी बसतं. असो.) शिमानोनेही पुढे मिनरल ऑइलच धरलं. पण अमेरिकेची हेज, इंग्लंडची होप, इटलीची फॉर्म्युला आणि नंतर स्रॅम, यांनी मोटारींचा रस्ता धरला, डॉट. दोन पंथ पडले. डॉट पंथाला निदान आकड्यांचा धर्मग्रंथ आहे. मिनरल पंथाला तोही नाही. मोटारींच्या नियमात हिरवा रंग आहे, पण तो सायकलला लागू नाही. शिमानोचं तेल लालसर, मागुराचं निळं, आणि 'मिनरल ऑइल' या दोन शब्दांत नेमकं काय असावं याचं सर्वमान्य प्रमाण नाही. गंमत म्हणजे स्रॅमने २०२० नंतर आपल्या काही डोंगरी ब्रेकना मिनरल ऑइल आणलं, रोडच्या ब्रेकना मात्र डॉटच ठेवलं. म्हणजे आता एकाच कंपनीच्या दोन ब्रेकमध्ये दोन द्रव.

डोंगरी सायकलींवर डिस्क १९९० च्या दशकातच रुळल्या. तिथे काम सोपं होतं, ब्रेकचं लिव्हर वेगळं, गिअरचं वेगळं. रोड बाइकचं दुखणं १९९० च्या त्या एकत्र घरात होतं. त्या मूठभर रबरी हुडच्या आत गिअरची दातेरी यंत्रणा ठासून भरलेली. मास्टर सिलिंडर ठेवायचा कुठे? तैवानच्या टीआरपीने २०११ च्या सुमारास हँडलच्या खाली एक डबी लावली: लिव्हरपासून डबीपर्यंत केबल, डबीपासून पुढे तेल. दिसायला ध्यान होतं ते. २०१२ मध्ये कोल्नागोने फॉर्म्युलाचे ब्रेक लावून सी-५९ डिस्क काढली. तिथे बिजलीचे गिअर होते. बिजलीच्या गिअरला लिव्हरमध्ये फक्त बटणं लागतात, पोट रिकामं होतं, सिलिंडर बसतो. शिमानोची पहिली हायड्रॉलिक रोड लिव्हरं २०१३ ची, तीही बिजलीच्याच गिअरची. स्रॅमने त्याच वर्षी यांत्रिक गिअर ठेवूनच ते जमवलं, फक्त हुडच्या पुढे शिंगासारखा उंचवटा आला.

आणि त्याच वर्षी माझ्या या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा धडा घडला. २०१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत सायक्लोक्रॉसच्या शर्यती चालू होत्या, तापमान शून्याच्या खाली. स्रॅमच्या नव्या ब्रेकची लिव्हरं एकाएकी हँडलला टेकायला लागली. मास्टर सिलिंडरची सील त्या थंडीत दाब धरेना. डिसेंबरमध्ये कंपनीने सांगितलं, सायकल चालवणं ताबडतोब थांबवा, आणि तोवर विकलेले सगळे हायड्रॉलिक रोड ब्रेक परत बोलावले. सगळे! एका रबरी रिंगेपायी. तिचं रबर, तिची कड, तिचं माप, एवढ्यावर सगळा डोलारा.

शर्यतींच्या जगाने तर आणखी नाटक केलं. यूसीआय ही सायकल शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना, तिने २०१५ मध्ये रोडवर डिस्कची चाचणी सुरू केली. एप्रिल २०१६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान्सिस्को व्हेंतोसोचा पाय खोल कापला, डिस्कनेच कापला असं त्याने जाहीर पत्रात लिहिलं, आणि चाचणी थांबली. डिस्कच्या कडा गोल केल्या, २०१७ मध्ये चाचणी परत सुरू झाली. त्या वर्षी मार्सेल किटेलने टूर द फ्रान्सचा टप्पा डिस्कच्या सायकलवर जिंकला, आणि १ जुलै २०१८ पासून डिस्क अधिकृत झाली. हे एवढं सांगायचं कारण असं, की त्या दोन-तीन वर्षांच्या अनिश्चिततेतच आजची सगळी मापं ठरली. कुणालाच खात्री नव्हती आणि सगळ्यांनाच घाई होती.

*

त्याचा परिणाम सुटे भाग घ्यायला गेलं की कळतो. पॅडच घ्या. पॅड मॉडेलच्या नावाने मिळत नाहीत, आकाराने मिळतात. शिमानोच्या रोड पॅडवर एल०३ए, एल०५ए, के०५एस असले संकेत असतात. पहिलं अक्षर आकाराचं. एल म्हणजे वर थंड व्हायला पंखे असलेला, के म्हणजे बिनपंख्याचा, आणि अनेक कॅलिपरला दोन्ही बसतात. पण २०१३ च्या पहिल्या पिढीच्या कॅलिपरला यातलं काहीच बसत नाही, त्याला डोंगरी सायकलच्या आकाराचे पॅड लागतात. रेझिनचे की धातूचे हा वेगळा प्रश्न. काही स्वस्त डिस्कवर स्पष्ट लिहिलेलं असतं की फक्त रेझिनचेच पॅड लावा, धातूचे लावले तर डिस्कच खातात. डिस्क दीड मिलिमीटरपर्यंत झिजली की संपली, नवी असते १.८ ची. आणि पॅडला तेलाचा एक थेंब लागला की तो टाकून द्यायचा. गॅसवर भाजून, सॅंडपेपर मारून काही होत नाही. मी करून बघितलंय, घरभर वास तेवढा सुटला.

नळीचं तेच. शिमानोच्या दोन प्रकारच्या नळ्या आहेत, बीएच५९ आणि बीएच९०. बाहेरून जुळ्या बहिणी. पण टोकाशी आत ठोकायची जी बारीक पितळी-पोलादी नळी असते ती एकीची दुसरीला चालत नाही. चुकीची ठोकली की दिसायला सगळं ठीक, आणि जोरात ब्रेक दाबला की तेल बाहेर.

पण मामांचा प्रश्न सीलचा होता. मी शिमानोच्या भागांच्या आकृत्या पाहिल्या. फार सुंदर असतात, प्रत्येक स्क्रूला वाय ने सुरू होणारा नंबर. लिव्हरची रबरी टोपी मिळते, पॅडची पिन मिळते, हवा काढायच्या तोंडाचा स्क्रू मिळतो. कॅलिपरचं शरीर मात्र एकसंध दाखवलेलं. आतला पिस्टन आणि सील सुटे विकत नाहीत, कॅलिपर आख्खा घ्या. स्रॅम पिस्टन आणि सीलची किट विकते. होप तर ब्रेकमधला जवळजवळ प्रत्येक वायसर विकते. तिथल्या दोन संस्थापकांनी आधी रोल्स-रॉइसमध्ये विमानांच्या इंजिनांवर काम केलेलं, म्हणजे दुरुस्ती म्हणजे काय हे त्यांना माहीत असणार.

मला आधी वाटलं, लुटतात साले. नंतर २०१३ चा तो प्रसंग वाचला आणि जरा थांबलो. ही सील नुसतं गळणं थांबवत नाही. कॅलिपरमधली रिंग चौकोनी छेदाची असते. पिस्टन पुढे सरकताना ती त्याच्याबरोबर थोडी वाकते, आणि ब्रेक सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढते. मागे ओढायला स्प्रिंग नाही, काही नाही, ते काम ही रिंगच करते. पॅड झिजले की पिस्टन तिच्यातून जरासा पुढे घसरतो आणि अंतर आपोआप जुळतं. इतकं काम जिच्यावर, ती घरी स्क्रू-ड्रायव्हरने उकरून माझ्यासारख्याने बसवावी, असं कंपनीला वाटत नसेल तर तिला फार दोष देववत नाही. पुरावा म्हणून बापू आहेच.

पण अर्धाच युक्तिवाद पटतो. मामा रोज तीच चौकोनी रिंग मोटरसायकलला बसवतात आणि ती गाडी ऐंशीच्या वेगाने दोन माणसं घेऊन पळते. फरक रिंगेत नाही, मोटारीच्या जगात दुरुस्ती करणारा माणूस गृहीत धरलेला आहे. रोड बाइकमध्ये तर आणखी गोची. लिव्हरमधली सील गेली की मास्टर सिलिंडर गेला, आणि मास्टर सिलिंडर गिअरच्याच घरात राहत असल्यामुळे चांगला चालणारा गिअर शिफ्टरही त्याच्याबरोबर कचऱ्यात. १९९० चं ते एकत्र कुटुंब!

मामांनी प्रयत्न सोडला नव्हता. व्हर्निअरने खोबण मोजली, डबे उपसले, स्कूटरच्या, बाइकच्या रिंगा लावून पाहिल्या. एक जवळपास बसली. "पण ही डॉटची आहे," ते स्वतःच म्हणाले, "तुझं ते मिनरल घातलं की ही फुगणार. मग परत तेच." त्यांनी ती काढून परत डब्यात टाकली. परदेशी स्थळांवर सुटी किट दिसतात, पण ज्या एका प्रसिद्ध चिनी दुकानावर ती ढिगाने असायची त्याचं ॲप नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या सरकारने बंद केलं. आणि रबर कुठलं आहे हे न सांगणारी रिंग दुसऱ्यांदा बापूला लावायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी दोन्ही लिव्हरं आणि दोन्ही कॅलिपर नवे मागवले. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, तिची चूक नव्हती. पैसे मी दिले. बापू नको म्हणत होता, फार जोरात नाही. २०२०-२२ च्या टंचाईत हेच घडलं असतं तर काय, असं उगाच मनात येऊन गेलं. तेव्हा जगभर साधे पॅड आणि चेनसुद्धा महिनोन्महिने मिळत नव्हत्या.

खोका आला, पुढचा ब्रेक तासाभरात बसला. मागचा बसेना. फ्लॅट माउंट नावाची ही पद्धत शिमानोने २०१४ मध्ये आणली, आणि बाकीच्यांनीही ती उचलली. यात मागच्या कॅलिपरचे बोल्ट फ्रेमच्या दांडीतून आरपार खालून वर येतात. त्यामुळे बोल्टची लांबी फ्रेमच्या जाडीवर ठरते: १०, १५, २०, २५, ३०, ३५ मिलिमीटर, प्रत्येक जाडीला वेगळा बोल्ट. जुने बोल्ट मी उघडताना काढून कुठेतरी ठेवले होते. कुठे, ते अजून सापडलेलं नाही. नव्या खोक्यातले आखूड निघाले. परत कुरिअर, परत दोन आठवडे?

मामांनी आखूड बोल्ट हातात घेऊन आटे बघितले. "एम पाच आहे हा. साधा."

खरंच साधा होता. पाच मिलिमीटरचा, ०.८ पिचचा, जगभर एकच असलेला मेट्रिक आटा. प्रत्येक कारखान्याने आपापले आटे पाडायचे दिवस जावेत म्हणून व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जी खटपट सुरू केली, तिचा हा लांबचा नातू. या सबंध ब्रेकमध्ये कुणाच्याही मालकीची नसलेली वस्तू एवढीच. मामांनी समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पोराला पाठवून चांगल्या प्रतीचे दोन ॲलन बोल्ट मागवले, आटा किती आत जातो ते मोजलं, टोकं ग्राइंडरवर उतरवली आणि जपून आवळले. बारा रुपये झाले. त्यांनी मजुरी घेतली नाही, जुने कॅलिपर मात्र ठेवून घेतले. "बघू," म्हणाले, "कधी कुठे रबर मिळालंच तर."

बापूने मागच्या रविवारी सिंहगड केला. उतरताना मी त्याच्या मागे होतो, स्कूटरवर.